तेलविहिरीतले प्रायश्चित्त

कॅनडाच्या सस्कॅचवान प्रांतात वेबर्न नावाचे तेलक्षेत्र आहे. १९५४ साली तिथे तेल सापडले. जमिनीखाली सुमारे दीड किलोमीटरवर, चुनखडीच्या थरांत, अंदाजे १.४ अब्ज पिंपे तेल होते. पण तेल सापडणे वेगळे आणि हाती लागणे वेगळे. सुरुवातीला खडकातल्या दाबानेच ते वर आले. दाब ओसरल्यावर १९६४ पासून पाणी ढकलून काढावे लागले. १९९०च्या दशकात आडव्या विहिरी खोदल्या. एवढे करूनही बरेचसे तेल खडकाला चिकटून खालीच राहिले. अखेर २००० साली तिथे कार्बन डायऑक्साईड सोडायला सुरुवात झाली.

हा वायू येतो सीमेपलीकडून. अमेरिकेच्या नॉर्थ डकोटा राज्यात ब्यूला गावाजवळ एक कारखाना आहे. तिथे लिग्नाइट या हलक्या कोळशापासून इंधनवायू बनतो आणि त्या प्रक्रियेत कार्बन डायऑक्साईडचा लोंढा बाहेर पडतो. पूर्वी तो सरळ आकाशात जाई. आता तो दाबून, सुमारे ३२० किलोमीटर लांबीच्या नळातून वेबर्नला पाठवतात. म्हणजे एका देशातल्या कोळशाचा धूर दुसऱ्या देशाच्या जमिनीत गाडला जातो, त्याच्या रेट्याने आणखी तेल वर येते, आणि ते तेल जळून पुन्हा धूर होतो.

या व्यवहाराला म्हणायचे काय? तेल कंपन्यांच्या लेखी ही हवामानाची सेवा, पर्यावरणवाद्यांच्या लेखी धूळफेक, आणि अभियंत्यांच्या लेखी टनांचा हिशेब. पण या भांडणाच्या मुळाशी असलेला प्रश्न तेलाच्या धंद्यापेक्षा फार जुना आहे. केलेल्या पापाचे परिमार्जन कशाने होते? ज्या कृत्याचे प्रायश्चित्त घ्यायचे, तेच कृत्य पुढे चालू ठेवण्याचे साधन म्हणून प्रायश्चित्त वापरता येते का? यावर धर्मशास्त्रकारांनी शतकानुशतके डोके खपवले आहे, आणि त्यांचा विचार या बाबतीत आजच्या पुष्कळ हवामान-परिषदांपेक्षा बारकाईचा आहे.

आधी वायू खाली जाऊन करतो काय, ते पाहिले पाहिजे. त्याशिवाय पाप-पुण्याची चर्चा हवेतच राहील.

तेल म्हणजे जमिनीखालचे तळे नव्हे. ते खडकाच्या सूक्ष्म छिद्रांत अडकलेले असते. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या अंदाजानुसार नैसर्गिक दाबाने त्यातले जेमतेम १० टक्के निघते. पाणी ढकलल्यावर एकूण २० ते ४० टक्क्यांपर्यंत मजल जाते. पाण्याचे आणि तेलाचे जमत नाही. पाणी मोकळ्या वाटेने निघून जाते आणि तेलाचे थेंब कोपऱ्यांत बसून राहतात. कार्बन डायऑक्साईडचे तसे नाही. ३१ अंश सेल्सिअसच्या वर आणि वातावरणाच्या सुमारे ७३ पट दाबाच्या पुढे तो ना धड वायू राहतो ना धड द्रव. घनता द्रवासारखी आणि सरपटण्याची चपळाई वायूसारखी. या अवस्थेत तो तेलात विरघळतो, तेल फुगते, पातळ होते, खडकाचा हात सोडते. पाण्याला दाद न देणारा ऑइलपेंटचा डाग रॉकेलच्या बोळ्याने निघावा, तसा हा प्रकार. अशा उपायांनी एकूण उतारा ३० ते ६० टक्क्यांपर्यंत नेता येतो.

तेलाबरोबर बराचसा वायूही वर येतो. तो फुकट घालवणे परवडत नाही, कारण तो विकत घेतलेला असतो. म्हणून तो वेगळा काढून पुन्हा दाबून खाली सोडतात. दर फेरीत काही वायू खडकात अडकून राहतो, आणि क्षेत्र नीट चालवून नीट बंद केले तर विकत घेतलेला जवळपास सगळा वायू शेवटी खालीच मुरतो. हे खरे आहे आणि ते मान्य केले पाहिजे. १५१७ साली जर्मनीत योहान टेट्झेल पापमुक्तीची पत्रे विकत होता आणि मार्टिन लूथर त्यावर खवळला, तो दाखला या विषयात हमखास दिला जातो. पण तो इथे पुरता बसत नाही. टेट्झेलच्या पत्राने जमिनीत काहीच गाडले जात नव्हते. इथे खरोखरचे टन खाली जातात.

लूथरचा दाखला शोभेल अशी घटना वेगळीच आहे, आणि तिचा एक पाय भारतात आहे. जानेवारी २०२१ मध्ये अमेरिकेच्या ऑक्सिडेंटल कंपनीने २० लाख पिंपे कच्चे तेल रिलायन्सच्या जामनगरच्या शुद्धीकरण कारखान्याला पोहोचवले आणि ही जगातली पहिली मोठी ‘कार्बन-न्यूट्रल’ खेप म्हणून जाहीर केली. तेल नेहमीचेच होते, जळल्यावर धूरही नेहमीचाच. फरक इतकाच की त्या धुराच्या बदल्यात दुसरीकडच्या प्रकल्पांची कार्बन क्रेडिट्स विकत घेऊन कागदावर फेड केलेली होती. वेबर्नला टेट्झेलच्या रांगेत बसवणे अन्यायाचे होईल. या खेपेला बसवायला हरकत नाही.

आता हिशेब. एक पिंप तेल जाळले की ४०० किलोच्या वर कार्बन डायऑक्साईड निघतो. ते काढणे, वाहून नेणे, शुद्ध करणे यांत आणखी शंभरेक किलो. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या मते अमेरिकेतल्या अशा क्षेत्रांत एका पिंपामागे ३०० ते ६०० किलो वायू खाली सोडला जातो. म्हणजे अगदी उत्तम परिस्थितीत पिंपाच्या धुरापेक्षा गाडलेला वायू थोडा जास्तच भरतो. एरवी तो धुराचा काही भागच भरून काढतो.

मात्र हे गणित तेव्हाच खरे, जेव्हा खाली जाणारा वायू एरवी हवेत गेला असता. इथे खरी गंमत आहे. टेक्सासमधल्या स्करी काउंटीत सॅक्रॉक नावाचे क्षेत्र आहे. १९७२ साली मोठ्या प्रमाणावर कार्बन डायऑक्साईड सोडण्याचा पहिला प्रयोग तिथे झाला. त्यामागे हवामानबदलाचा विचार नव्हता. हेतू एकच, तेल. मागणी वाढली तसा वायू कमी पडू लागला, आणि मग लक्ष गेले जमिनीतल्याच भरपूर साठ्यांकडे. कोलोरॅडोतल्या मॅकेल्मो डोमसारख्या जागी तो लाखो वर्षे खडकाखाली गुपचूप पडून होता. तिथे विहिरी खोदल्या, १९८४ साली कॉर्टेझ नावाची सुमारे ८०० किलोमीटरची नळवाहिनी टेक्सासपर्यंत टाकली, आणि निसर्गाने गाडून ठेवलेला वायू उकरून दुसरीकडे गाडायला सुरुवात केली. अमेरिकेत या कामी वापरल्या जाणाऱ्या वायूपैकी ७० टक्क्यांहून अधिक वायू असा नैसर्गिक साठ्यांतला आहे. धुराड्यातून पकडलेला नव्हे. ‘आम्ही पन्नास वर्षे कार्बन गाडतो आहोत’ असे कुणी अभिमानाने म्हटले, तर आधी विचारावे की तो आणला कुठून.

आता धर्मशास्त्रकारांकडे वळू. याज्ञवल्क्यस्मृतीचा तिसरा भाग प्रायश्चित्ताध्याय म्हणूनच ओळखला जातो. त्यावर कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयाला असलेल्या विज्ञानेश्वराने ‘मिताक्षरा’ लिहिली आणि बाराव्या शतकात उत्तर कोकणच्या शिलाहार घराण्यातल्या अपरादित्य राजानेही टीका लिहिली. राज्य सांभाळता सांभाळता पापाच्या फेडीवर ग्रंथ लिहिणारा राजा कोकणात होऊन गेला, हे आज फारसे कुणाला आठवत नाही. पुढे भारतरत्न पांडुरंग वामन काणे यांनी ‘हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र’च्या १९५३ साली निघालेल्या चौथ्या खंडात हा सगळा पसारा मांडून दाखवला. तो चाळताना आधुनिक वाचकाला बऱ्याच गोष्टी खटकतात. वर्णानुसार शिक्षा कमी-जास्त, स्त्रियांवर भलती बंधने. ते टाकूनच द्यायचे. पण त्यातली विचाराची चौकट मात्र पारखून घेण्याजोगी आहे.

त्या चौकटीनुसार नुसते व्रत केले, दान दिले म्हणजे प्रायश्चित्त झाले असे नाही. पाप चारचौघांत उघड सांगावे लागते. त्याचा मनापासून पश्चात्ताप लागतो. आणि ‘पुन्हा असे करणार नाही’ हा निश्चय लागतो. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात शुद्धीचा संबंध या परावृत्त होण्याशी स्पष्ट जोडला आहे. शिवाय कोणते प्रायश्चित्त घ्यायचे हे पाप्याने स्वतः ठरवायचे नसते. जाणत्यांच्या परिषदेपुढे उभे राहायचे आणि ती सांगेल ते करायचे.

परिषद नेहमी शहाणी असते असेही नाही. संन्यास सोडून संसारात परतलेल्या विठ्ठलपंतांना देहान्त प्रायश्चित्त सांगितले गेले, ही ज्ञानेश्वरांच्या आईवडिलांची परंपरेने चालत आलेली कथा महाराष्ट्रात घरोघर माहीत आहे. त्या प्रायश्चित्ताने कुणाचे भले झाले? पण परिषद चुकते म्हणून आरोपीनेच न्यायाधीश व्हावे, असाही निष्कर्ष त्यातून निघत नाही.

अमेरिकेत नेमके तेच झाले. तिथे कार्बन गाडणाऱ्याला दर टनामागे करसवलत मिळते. २००८ साली तिचा कायदा झाला. किती टन खाली गेले आणि खालीच राहिले याची देखरेख-योजना पर्यावरण संस्थेकडून मंजूर करून घेणे ही अट होती. एप्रिल २०२० मध्ये तिथल्या करखात्यावर देखरेख ठेवणाऱ्या महानिरीक्षकांनी सांगितले की दहा बड्या करदात्यांनी मिळून सुमारे १०० कोटी डॉलरची सवलत मागितली होती, आणि त्यातली जवळपास ८९ कोटी ४० लाख डॉलरची मागणी ही अट पाळलीच नसलेल्यांची होती. पुण्य पदरात पाडून घेतले, पण पाप कुणापुढे सांगितले नाही आणि व्रत पुरे झाले का हेही कुणाला तपासू दिले नाही.

‘हवेला हेतू कळत नाही’ असा युक्तिवाद इथे हटकून येतो. जैन विचारात प्रत्यक्ष हिंसा आणि मनातली हिंसा यांत भेद केला जातो आणि मनातलीला मोठे वजन दिले जाते. वातावरणाला असला भेद करता येत नाही. लोभाने गाडलेला टन आणि पश्चात्तापाने गाडलेला टन त्याला सारखाच. मग कंपनीच्या मनात काय आहे याची उठाठेव कशाला? युक्तिवाद वजनदार आहे. पण टन मोजतो कोण? तो माणूसच मोजतो, आणि हेतू मोजमापात उतरतो. ज्याला फक्त तेल हवे आहे, तो पिंपे काळजीने मोजतो आणि वायू ढोबळ मानाने. वेबर्नमध्ये काळजीने मोजमाप झाले, कारण तिथे २०००पासून दशकभर आंतरराष्ट्रीय संशोधन प्रकल्पच चालू होता. २०११ साली जवळच्या एका शेतकरी दांपत्याने आपल्या जमिनीत वायू झिरपतो असा आरोप केला, तेव्हा स्वतंत्र तपासणी होऊ शकली आणि तो वायू मातीतल्या नैसर्गिक जैविक क्रियेतून आल्याचे निष्पन्न झाले. उघड मोजणी असली की असा निवाडा होऊ शकतो. नसली की नुसता शब्दाला शब्द.

पश्चात्ताप खरा की सोयीचा, याची परीक्षा पेट्रा नोव्हाने घेतली. ह्यूस्टनजवळच्या पॅरिश या कोळसा वीजकेंद्राच्या एका संचाच्या धुरातला कार्बन डायऑक्साईड पकडण्यासाठी सुमारे १०० कोटी डॉलर खर्चून हा प्रकल्प उभारला गेला. सरकारने १९ कोटी डॉलर दिले. जानेवारी २०१७ पासून पकडलेला वायू सुमारे १३० किलोमीटरवरच्या वेस्ट रँच तेलक्षेत्रात जाऊ लागला. रोज जेमतेम ३०० पिंपे देणारे ते म्हातारे क्षेत्र हजारो पिंपे देऊ लागले. सगळीकडे कौतुक झाले. मग कोरोना आला, तेलाचा भाव कोसळला; २० एप्रिल २०२० रोजी तर अमेरिकी कच्च्या तेलाचा वायदा शून्याखाली ३७ डॉलरवर बंद झाला. मे महिन्यात प्रकल्पाला कुलूप लागले. वीजकेंद्र मात्र चालूच राहिले आणि त्याचा धूर पुन्हा आकाशात जाऊ लागला. सप्टेंबर २०२३ मध्ये काम पुन्हा सुरू झाले. भाव चढा असेल तरच पाळायचे व्रत, असे व्रत कोणत्याही स्मृतीत सापडणार नाही.

याज्ञवल्क्याने एक गोष्ट मोठ्या मार्मिकपणे सांगितली आहे. नकळत घडलेले पाप प्रायश्चित्ताने नाहीसे होते. जाणूनबुजून केलेले पाप तसे जात नाही, फक्त तो माणूस समाजात पुन्हा ऊठबस करण्यालायक होतो. १९७२ सालच्या सॅक्रॉकला अज्ञानाचा फायदा देता येईल. आज तसा देता येणार नाही. आणि कार्बन गाडून तेल काढणाऱ्या कंपन्यांना मिळते ते तरी काय? नेमकी हीच ऊठबस. हवामान-परिषदेत मानाची खुर्ची, गुंतवणूकदारांपुढे स्वच्छ चेहरा, सरकारी सवलत. पाप शिल्लक आणि पंगतीत पान मांडलेले.

यात झळ कुणाला लागते तेही पाहावे. अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यात सटार्शिया हे उणेपुरे चाळीसेक वस्तीचे गाव. २२ फेब्रुवारी २०२० च्या संध्याकाळी, कित्येक दिवसांच्या पावसाने भिजलेली दरड सरकली आणि तेलक्षेत्राकडे कार्बन डायऑक्साईड नेणारी नळवाहिनी फुटली. हा वायू हवेपेक्षा जड. तो वर न जाता जमिनीलगत पसरत गावाकडे आला. लोकांना धाप लागली, डोके गरगरू लागले. गाडीत बसून पळावे तर गाड्याही बंद पडल्या. इंजिनालाही ऑक्सिजन लागतो. काही माणसे गाडीतच बेशुद्ध सापडली. सुमारे २०० जणांना हलवावे लागले, ४५ जणांना दवाखाना गाठावा लागला. सुदैवाने कुणी दगावले नाही. त्या नळातला वायू कुठल्या धुराड्यातून पकडलेलाही नव्हता. तो जवळच्या नैसर्गिक साठ्यातून उपसलेला होता. तेलाचा नफा एकाचा, सवलत दुसऱ्याची आणि गुदमरणे तिसऱ्याच्या वाट्याला.

मग पापी कोण, हा प्रश्न उरतोच. मांसाहाराच्या संदर्भात मनुस्मृतीने मारणाऱ्याच्या पंगतीला संमती देणारा, कापणारा, विकत घेणारा, विकणारा, शिजवणारा, वाढणारा आणि खाणारा अशा सगळ्यांना बसवले आहे. तेलालाही हे लागू करायचे, तर यादी थेट पेट्रोल पंपावरच्या रांगेपर्यंत येते. भारत आपल्या गरजेपैकी ८५ टक्क्यांहून अधिक कच्चे तेल आयात करतो, आणि २०१७ पासून अमेरिकी तेलही घेतो. देशोदेशींच्या उत्सर्जनाच्या हिशेबात मात्र धूर तेल जाळणाऱ्या देशाच्या नावे लागतो आणि पकडून गाडलेला वायू तो पकडणाऱ्या देशाच्या नावे. टेक्सासचे पिंप जामनगरला आले तर पुण्य टेक्सासला आणि पाप गुजरातला, अशी ही वाटणी.

तरी सरसकट नकार देण्यात शहाणपण नाही. नॉर्वेच्या समुद्रात १९९६ पासून स्लाइपनर क्षेत्रात वायू तेल न काढता नुसता गाडला जातो, बरीच वर्षे तर दरवर्षी दहा लाख टनांच्या आसपास, आणि तेही १९९१ साली लागलेल्या कार्बन कराच्या धाकाने. तिथला मूळ धंदाही नैसर्गिक वायू विकण्याचाच. सोवळ्यातले उदाहरण शोधायला गेले तर हाती काही लागणार नाही. आणि पैसा मिळतो म्हणून काम खोटे ठरत नाही. वेबर्नमध्ये गाडलेला वायू खरोखर आकाशात गेला असता. भूगर्भात वायू कसा हलतो, झिरपतो का, हे ज्ञान तिथून मिळाले आणि ते नुसत्या साठवणुकीलाही उपयोगी पडते. त्याला उपयुक्त उद्योग म्हणावे. धुतल्या तांदळासारखे म्हणू नये.

अमेरिकी कायदा निदान काही वर्षे हा फरक पाळत होता. २०२२ साली नुसता गाडलेल्या टनाला ८५ डॉलर आणि तेल काढण्यासाठी वापरलेल्या टनाला ६० डॉलर अशी तफावत ठेवली होती. मधल्या २५ डॉलरांत एक नैतिक निवाडा होता. जुलै २०२५ च्या कायद्याने ती तफावत पुसली. आता दोन्ही टनांना ८५.

भारतासाठी हा परदेशी वाद राहिलेला नाही. जुलै २०१९ मध्ये ओएनजीसी आणि इंडियन ऑइल यांनी करार केला: वडोदऱ्याजवळच्या कोयली शुद्धीकरण कारखान्यातला कार्बन डायऑक्साईड भरूच जिल्ह्यातल्या गंधार तेलक्षेत्रात सोडून तेल वाढवायचे. नोव्हेंबर २०२२ मध्ये नीती आयोगाने कार्बन पकडण्याच्या धोरणाची चौकट मांडली. पवईच्या आयआयटीत या विषयाचे राष्ट्रीय केंद्र आहे. नियम लिहिले जात आहेत, तोवरच बोलले पाहिजे. जनतेचा पैसा अशा कामाला जाणार असेल, तर दर टन कुठून आला आणि खाली किती राहिला हे दरवर्षी जाहीर व्हावे. ते तपासणारी परिषद कंपनीच्या पगारावर नसावी. नळवाहिनी ज्या गावांजवळून जाईल त्या गावांना वायू कसा पसरतो ते आधी सांगितलेले असावे. आणि सवलत मोजताना वर आलेल्या तेलाचा धूर आधी वजा करावा. हे मान्य नसेल तर कंपनीने खुशाल तेल काढावे, त्यावर रीतसर कर भरावा आणि जाहिरातीत ‘हरित’ हा शब्द घालू नये.